चर

डोंगरमाथ्यावरच्या दलदलीतून निघणारा गॅस माझ्या लेकीच्या वयाच्या मॅडम मोजायच्या आणि त्यांची यंत्रं पाठीवर वाहायचो मी. आकडा वाढला की पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. "काका, या गॅसनं जग तापतंय हो." मला काही बघवेना. त्या रजेवर गेल्या, तेव्हा मी चर खणून दलदलीचं सगळं पाणी काढून दिलं. परत येऊन त्यांनी मोजलं, तर गॅस जवळजवळ नाहीच! "आता तरी हसा की!" मी म्हटलं. त्या चराकडे धावल्या. "काका, हजारो वर्षांचा पालापाचोळा त्या पाण्याखाली दबून होता. आता वाळून पेटणार."

पेटलाच. चर बुजवला, तरी चार महिने डोंगर आतून धुमसतोय. चौकशीला साहेब आले. "चर कुणी खणला?"

"मी खणायला लावला," मॅडम म्हणाल्या.

आणि मी गप्प उभा राहिलो.