आवृत्तीवरून भांडण

चौथी आवृत्ती प्रसिद्ध करून माई चहा ठेवायला उठल्या. चहाला उकळी येईपर्यंत थोरल्याचा फोन येणार, आणि तो ठेवतो न ठेवतो तोच धाकटीचा. पोटची पोरं, त्यांची नाडी आपल्याला नाही कळणार तर कुणाला?

तसंच झालं. थोरला म्हणाला, त्याच्या प्रोग्रामला तिसरीच आवृत्ती लागते, चौथी चालायची नाही. धाकटी म्हणाली, तिला चौथीतला नवा भाग हवाच होता, आता ती मागं जायची नाही.

आवृत्ती होती एका पॅकेजची, म्हणजे दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रामला जोडायच्या तयार कोडची, आणि ते पॅकेज माईंचंच. नोकरीत असताना त्यांनी ते लिहिलं आणि कुणालाही वापरता यावं म्हणून खुलं सोडलं. जीव एवढासा. पुस्तक परत करायची तारीख कोणती, मध्ये सुट्टी आली तर काय, एवढंच त्याला कळे. थोरल्याचा प्रोग्राम वाचनालयांतली पुस्तकांची देवघेव सांभाळी, धाकटीचा सभासदांना आठवण धाडी. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर चालत, आणि तिथं माईंच्या पॅकेजची एकच आवृत्ती राहू शके. एकानं तिसरी मागितली नि दुसरीनं चौथी, की दोन्ही प्रोग्राम अडून बसत. मग बहीण-भावाला एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर नसे.

माईंना तेच हवं होतं.

नवरा गेल्यावर माईंनी अंथरूण धरलं होतं. कॉम्प्युटरवर धूळ बसली. ताट आत जाई तसंच बाहेर येई. एका सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आणि दाराबाहेर आवाज चढले. माईच्या पॅकेजला हात लावायचा नाही, असं थोरला म्हणत होता. ते जुनाट झालंय, सुधारायलाच हवं, असं धाकटी. शब्दानं शब्द वाढला. धाकटी पाय आपटत निघून गेली आणि दोघांनी बोलणं टाकलं. माई त्या दिवशी उठल्या. डोळ्यांदेखत घर फुटू द्यायला त्या काही अजून मेल्या नव्हत्या.

त्यांनी दोघांना समजावून पाहिलं. दोघांनी या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. मग माईंच्या ध्यानात आलं, की आवृत्ती अडली तरच ही दोघं एकमेकांना फोन करतात.

तेव्हापासून त्या अधूनमधून पॅकेजमध्ये काहीतरी बदलत. कधी तारीख लिहायचा क्रम, कधी सुट्ट्या मोजायची रीत. बदल असा बेतलेला, की एकाचं चालावं आणि दुसऱ्याचं अडावं. कुणाचं काय अडेल, हे त्यांच्या तक्रारींवरून ताडता येई. पोरांचा कोडही खुलाच होता, पण त्यात मात्र त्या कधी डोकावल्या नाहीत. पोरं मोठी झाली की त्यांची कपाटं उघडू नयेत, तसंच ते. या खटपटीसाठी नवंनवं शिकावं लागे. सकाळी बसलेल्या माई दुपारी भूक लागली की उठत.

या वेळी त्यांनी गाठ अशी मारली होती, की फोनवर ती सुटेना. संध्याकाळी दोघंही माईंच्या दारात हजर.

"माई, तूच सांग हिला," थोरला बूट काढता काढता म्हणाला. "तिसरीत काय वाईट होतं?"

"तिसरीतून पुढं जायचंच नाही त्याला," धाकटी म्हणाली. "शाळेतही रडला होता."

"मी कुणाचीच बाजू घेणार नाही," माई म्हणाल्या. "बसा समोरासमोर, आणि काय ते एक ठरवा. ठरेपर्यंत पानं वाढणार नाही."

दोघं बसली. माई स्वयंपाकघरातून कान देऊन होत्या. आधी तणतण, मग कुजबुज, मग चक्क हसू. जेवताना थोरल्यानं न विचारता बहिणीच्या पानातलं उचललं आणि तिनं त्याच्या हातावर चापट मारली. माईंनी पाणी आणायच्या निमित्तानं डोळे पुसले.

निघताना धाकटीनं विचारलं, "पाचवीत काय बदलणार आहेस, माई?"

"बघू," माई म्हणाल्या.

खिडकीतून त्यांनी पाहिलं, धाकटी भावाच्याच गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसल्या. मोहीम फत्ते झाली होती. आता पाचवी कशाला नि सहावी कशाला? पॅकेज बंद करून टाकायचं. पण त्यांच्या धंद्याची एक रीत होती. पॅकेज बंद करण्याआधी ते अजून कोणकोण वापरतं, हे पाहायचं. कुणाच्या पायाखालची फळी आपण काढायची नाही.

म्हणून त्यांनी पहिल्यांदाच मुलांचे प्रोग्राम उघडले आणि आपल्या पॅकेजचं नाव शोधलं.

थोरल्याच्या प्रोग्राममध्ये ते नव्हतं. धाकटीच्याही नव्हतं. माईंनी चष्मा पुसून पुन्हा शोधलं. तारखांचं काम दोन्हीकडे एक भलतंच पॅकेज करत होतं, आणि ते सांभाळणाऱ्यांची नावं शेजारीशेजारी होती: एक थोरल्याचं, एक धाकटीचं.

त्या पॅकेजमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद होती; माईंनी त्यातली सगळ्यात जुनी उघडली. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, त्या दिवसांतली ती होती. धाकटीनं भावासाठी लिहिलं होतं:

"माईचं पॅकेज दोन्हीकडून काढलंय. आता तिनं ते कितीही मोडलं तरी कुणाचं अडणार नाही. उद्या सकाळी तिच्या दाराशी भांडायला सुरुवात करू. आवाज चढवायचा, दादा, हसायचं नाही."