आठ दिवसांचा फॉल्ट

साल अठ्ठ्याण्णव. एक तारखेला भाडेकरू यायचे होते आणि त्याआधी नवरा-बायकोनं ट्रकला राहण्याजोगा ट्रेलर जोडून वर्षभर भटकायला निघायचं, असं ठरलं होतं. म्हणजे नवऱ्यानं ठरवलं होतं. चार माणसांसमोर विचारलं, तेव्हा ती नुसती हसली होती.

अडलं होतं एका वायरीपाशी. ट्रकचं इंजिन चालू असलं की ट्रेलरमधली दुसरी बॅटरी आपोआप चार्ज व्हायला हवी. ती होत नव्हती. आठ दिवस ते बोनेटखाली डोकं घालून होते. जोड सोडायचे, पुन्हा आवळायचे, ट्रेलरमध्ये जाऊन मीटर बघायचे, परत यायचे. चहासुद्धा उभ्यानं.

आत तिचाही पाय एका जागी ठरत नव्हता. वायरीतला नखाएवढा फ्यूज तिनंच काढून मिठाच्या डब्यात तळाशी घातला होता. एकतीस वर्षांचं घर परक्याच्या हाती द्यायला मन घेत नव्हतं, आणि तसं तोंडानं म्हणायची सवय नव्हती.

दुपारी धाकटा दीर डोकावला.

"वहिनी, दादानं पस्तीस वर्षं अख्ख्या शहराचे दिवे लावले, आणि घरच्या दोन बॅटऱ्या जोडता येईनात? पेन्शन परत मागतील हो."

"वय झालं रे," म्हणून तेही हसले.

तिनं हातातली बशी खाली ठेवली. आपल्या कामात कुणी काढलेली चूक या माणसानं आजवर ऐकून घेतली नव्हती.

दीर गेला. ते हात धुवायला आत आले आणि पाठमोरेच म्हणाले, "मिठात नको ठेवूस तो. गंज चढेल."

ती नळापाशी आली.

"कधी कळलं?"

"फ्यूज नाही, हे पहिल्याच दिवशी. अगं, आम्ही आधी तेच बघतो. कुठे आहे ते परवा कळलं, मीठ घेताना."

"मग आठ दिवस तिथं काय करत होतात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

"आणि नसते बोलले तर?"

"तर फॉल्ट सापडला नसता." त्यांनी नळ बंद केला. "भाडेकरूंना निरोप देऊ?"

तिनं मिठाचा डबा ताटलीत पालथा केला, फ्यूज फडक्यानं घासून पुसला आणि तशीच अनवाणी बाहेर गेली. फ्यूजची खाच तिला पाठ होती.

"करा चालू."

ट्रेलरमधल्या मीटरचा काटा चढला.

"वर्ष नाही, सहा महिने," ती म्हणाली. "आणि आतली खोली भाड्यानं द्यायची नाही. किल्ली माझ्याजवळ."

"बरं."

सहा महिन्यांचे चौदा झाले. परत फिरू या म्हणायची पाळी त्यांच्यावर आली. भाडेकरूंनी पुढे पलीकडच्या गल्लीत स्वतःचं घर घेतलं. तिचे यजमान वारले ते त्याच आतल्या खोलीत, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. दोन वर्षांनी दीर गेला. शेवटपर्यंत दादाच्या त्या आठ दिवसांची थट्टा करत होता. ट्रेलर मुलीकडे आहे, त्यात तिनं कोंबड्या पाळल्यात.

ती आता एक्याऐंशीची आहे. परवा मुलीनं विचारलं, "आई, तेव्हा नेमका फॉल्ट कुठे होता गं?"

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी शोधला."