गृहीत

"मी वेडी नाही," असं कुमुदिनीबाई म्हणाल्या की डॉक्टर लिहीत, 'आजार मान्य नाही.' त्या चिडल्या की 'आक्रमक', गप्प बसल्या की 'उदास'. चार महिने मनोरुग्णालयात हेच चाललं होतं. शाळेत वीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईंना त्यातली चूक दिसत होती, पण दाखवता येत नव्हती.

मग नवी डॉक्टर आली. बाई तिला म्हणाल्या, "पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत तुमच्या. पण मी वेडी, हे पहिलं वाक्य तुम्ही न तपासताच धरलंय. एकदा उलटं धरून बघा."

डॉक्टरने फाईल मिटली. "बरं, धरलं. तुम्ही शहाण्या. मग इथे कशा?"

एवढं कुणी विचारलंच नव्हतं. बाई सरसावून बसल्या. "नवऱ्याला म्हटलं, मार खाणं पुरे, मी माहेरी निघाले. त्याच संध्याकाळी त्यांनी इथे आणलं."

"विश्वास आहे माझा," डॉक्टर हळूच म्हणाली. "पण तुम्हाला इथून सोडायला सही मिस्टरांचीच लागते."

"त्यांचीच का? हे कुणी धरलं?"

डॉक्टरने फाईल उचलली. ती उठली आणि नियमाप्रमाणे दाराला बाहेरून कडी लावून गेली.