तळ्यातला हिरवा पट्टा

घरच्या संडासात हिरवा रंग ओतून तिने फ्लश ओढला आणि धडाधड जिना उतरून तळ्याकाठी आली.

पर्यावरणशास्त्राचं तिचं शेवटचं वर्ष. गावाला पिण्याचं पाणी देणाऱ्या या तळ्यात मैला येतो कुठून, हे तिला प्रबंधासाठी शोधायचं होतं. सगळे पलीकडच्या कारखान्याकडे बोट दाखवायचे. तीही. तिथे काहीच सापडलं नाही. मग काठावरची एकेक इमारत तपासून झाली. राहिली होती फक्त तिची.

काठाला बुळबुळीत फेस आणि कुजका वास. झुडपांआड पावसाच्या पाण्याचा पाइप. पाऊस नसतानाही तो गळत होता. नाकाला रुमाल लावून ती बघत राहिली. नको येऊस, नको येऊस.

आला. झगझगीत हिरवा पट्टा तळ्यात पसरत गेला.

फिरायला आलेली मंडळी थबकली.

"शी! काय ही घाण!" तळमजल्यावरच्या काकूंनी नाक दाबलं. "कारखानेवाल्यांचीच करणी. लाज कशी वाटत नाही मेल्यांना!"

याच काकू रोज त्या फेसाशेजारच्या बाकावर बसून तासन्‌तास गप्पा छाटायच्या.

तिचे बाबा पुढे झाले. ते सोसायटीचे अध्यक्ष. "फोटो काढा रे. आज त्यांना सोडायचं नाही."

"बाबा, रंग मी ओतलाय. आपल्या संडासात. रंगाने कुणाला काही होत नाही."

बाबांनी दंडाला धरून तिला बाजूला नेलं.

"मैल्याची टाकी सारखी भरायची. किती वेळा उपसणार? तात्पुरतं पावसाच्या पाइपला जोडून घेतलं होतं."

"कधी?"

"तू शाळेत होतीस."

ती झुडपाशी वाकली. कोरड्या उमाशांनी डोळे भरले. बाबांनी पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकून टाकला.

मागे काकू कुणाला तरी विचारत होत्या, "पण आमचा पाइप वेगळा असेल ना हो?"

बाबा पाण्याकडे बघत होते. पट्टा आता बराच आत गेला होता.

"हे जाईल ना गं?" ते हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

तिने तोंड पुसलं.

"रंग ना? रंग दुपारपर्यंत जाईल."