मिस्त्रीचा शब्द

"झालंच, दोन मिनिटं," मिस्त्री म्हणाला. ऐन कळेत बायकोने डोळे उघडले.

"हे तू लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगतोस," ती म्हणाली. "मला सांगू नकोस."

तिचं बरोबरच होतं. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची सोळा वर्षं गेली होती. बंद दारापलीकडच्या माणसाला खरं कधी सांगायचं नाही, हे उस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मोटर जळलेली असो की ब्रेक अडकलेला, दाराच्या फटीला तोंड लावून म्हणायचं, झालंच, दोन मिनिटं. आतला माणूस शांत राहतो आणि आपल्याला काम करता येतं. हे सगळं त्याने घरी स्वतःच रंगवून सांगितलं होतं, तेही एकदा नाही, दहादा. आता भोगा फळं.

कळा काल सकाळी दहाला सुरू झाल्या होत्या. आज दुपारचे दोन वाजत आले होते. या अठ्ठावीस तासांत त्याने तिची कंबर चोळली, घोट घोट पाणी पाजलं, उलट्या पुसल्या, तिला धरून दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या घातल्या. पहिल्या दिवशी त्याला भीती वाटली होती. मग भीतीसुद्धा वाटून वाटून संपली. भूक नव्हती, झोप नव्हती. तिची नखं तळहातात रुतली होती, रक्त आलं होतं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि त्याच्या डोक्यात चाललं होतं की वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. आपण माणूस आहोत की धोंडा, असं त्याला वाटलं. वाटलं आणि तेही तसंच विरून गेलं.

बाहेर बाकावर सासूबाई होत्या. दार किलकिलं झालं की विचारायच्या, "जावईबापू, डॉक्टरबाई काय म्हणतायत?" तो म्हणायचा, "सगळं व्यवस्थित आहे." त्याच्या शब्दावर अजून विश्वास ठेवणाऱ्या तेवढ्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

सिस्टरने पुन्हा पोटावर यंत्र टेकवलं, ऐकलं, आणि डॉक्टरबाईंना बोलावून आणलं.

"बाळाचे ठोके उतरतायत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिमटा लावून काढावं लागेल. आत्ताच."

बायकोने डॉक्टरबाईंना काही विचारलं नाही. ती त्याच्याकडे वळली.

"वाचेल ना रे?"

'झालंच, दोन मिनिटं' हे शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते. त्याने ते गिळले.

"माहीत नाही," तो म्हणाला.

ती रागावली नाही. "बरं," म्हणाली, त्याचा हात आणखी घट्ट धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

बाळ आलं ते निळसर आणि मुकं. सिस्टरने ते उपडं केलं, पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली. एक, दोन, तीन. चौथ्या टिचकीला बारीकसा आवाज फुटला, मग रंग आला, मग ते दमेपर्यंत रडलं.

"मुलगी आहे. चांगली आहे," सिस्टर म्हणाली आणि गुंडाळलेलं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "धरा जरा. आम्हाला इकडे टाके घालायचेत."

त्याने पाहिलं. दहा बोटं. कानशिलावर चिमट्याचा लाल वळ. आता आपल्याला आनंद व्हायला हवा, डोळे भरून यायला हवेत, हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. काहीच आलं नाही. चेहरा होता तसाच राहिला, लाकडाचा. हातातली पोर केव्हाच झोपून गेली.

बायकोला पडल्या पडल्या गाठोड्यातलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त त्याचा चेहरा दिसत होता.

"काय झालं?"

"काही नाही. मुलगी आहे. ठीक आहे."

"खोटं बोलू नकोस."

"अगं, खरंच."

"तोंड बघ तुझं! काय झालंय तिला? गप्प का आहे ती?"

त्याने हसायचा प्रयत्न केला. ओठ हललेच नाहीत. "तुझी शपथ," तो म्हणाला, आणि ते त्याच्या स्वतःच्या कानांनाही दाराच्या फटीतून बोलल्यासारखं ऐकू आलं.

"बरी आहे हो बाळी, ताई. हलू नका, टाका चुकेल," सिस्टर म्हणाली. पण सकाळपासून 'थोडंच राहिलंय' म्हणणारी तीच होती. बायको कोपरावर उठायला लागली, डॉक्टरबाई ओरडल्या, पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरला.

मिस्त्री तिच्या उशाशी गेला. बोलून काही उपयोग नव्हता. गाठोड्याची घडी सोडून त्याने एक पाय बाहेर काढला. त्याच्या अंगठ्याएवढाच होता तो. त्याने तळपायावर टिचकी मारली. पोर ढिम्म. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि जोरात मारली.

पोरीने खोली डोक्यावर घेतली. बाप म्हणून त्याने केलेलं हे पहिलं काम.

बायकोचं अंग एकदम सैल पडलं. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं, ते तिने पुसलं नाही. ती नुसती ऐकत राहिली. रडणं हळूहळू ओसरलं, हुंदक्यावर आलं, थांबलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.