घरघरणारा फ्रिज

“काकू, हा बिल्ट-इन घ्या. नव्या फ्लॅटमध्ये कपाटाआड दडेल, आवाजसुद्धा येणार नाही.”

“मग नको. सुटा दाखवा. घरघरणारा.”

“घरघरणारा?” विक्रेत्याने विचारलं.

“हिला शांतता सोसत नाही,” यज्ञेश्वर म्हणाले. “लग्नापासून ऐकतोय.”

आनंदीबाई चालू असलेल्या एकेका फ्रिजला कान लावत गेल्या. एकापाशी थांबल्या. मग नवऱ्याला हात धरून तिथे घेऊन आल्या. पांढरी काठी काखेत धरून यज्ञेश्वरांनी फ्रिजच्या दारावर तळवा टेकवला.

“येतोय ना ऐकू? नव्या घरात याच्या उजवीकडे बाल्कनी, डावीकडे बाथरूम. कुठे जायचं म्हणून मला हाक मारायला नको.”

“आणि अगं, उगाचच हाक मारावीशी वाटली तर?”