फळ्यावरची बोट

आपल्या खानावळीच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर डॅरेलने खडूने ठळक लिहिलं होतं : आजची कोळंबी ‘कॅप्टन दाओ’ बोटीची. न्यानने ते दोनदा वाचलं आणि आत येऊन ती काउंटरसमोरच्याच टेबलाशी बसली. ‘कॅप्टन दाओ’ ही तिची बोट. गेले तीन आठवडे ती दुरुस्तीच्या यार्डात लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. तिचा पाण्याखालचा पंखासुद्धा काढून खाली ठेवलेला होता.

दुपारची गर्दी होती. अमेरिकेच्या दक्षिणेला आखाताच्या काठी वसलेल्या बिलॉक्सीच्या त्या रस्त्यावर हवं ते खायला मिळतं. शेजारी व्हिएतनामी फोचं, म्हणजे शेवयांच्या सूपचं दुकान, समोर मेक्सिकन माणसाची टाकोची गाडी, कोपऱ्यावर मिसेस टर्नरची तळलेल्या माशांची खानावळ. फळा मात्र एकट्या डॅरेलकडे. सुट्टीला आलेली माणसं तो वाचत, त्याचा फोटो काढत आणि शेजाऱ्यापेक्षा दीडपट दर खुशीने मोजत. बोटीचं नाव वाचलं की आपल्याला समुद्रातलं काही कळतं, असं त्यांना वाटे.

न्यानने कोळंबीचा पाव मागवला. आल्यावर तो उघडला, एक कोळंबी उचलून नखाने तिच्यावरचं पीठ खरवडलं. मग दुसरीचं, तिसरीचं. साऱ्या एका मापाच्या, साच्यातून काढल्यासारख्या. समुद्रातून जाळं वर येतं तेव्हा त्यात आई, लेक, नात सगळ्या एकत्र असतात. तिने एक चावून पाहिली. आखातातल्या तांबूस कोळंबीला औषधाच्या बाटलीसारखा उग्र वास असतो. बाहेरच्यांना तो सोसत नाही, इथल्यांना त्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. हिला कसलाच वास नव्हता. मागाहून जिभेवर जराशी चिखलाची चव राहिली. तळ्यात पोसलेली, गोठवून खोक्यात भरलेली कोळंबी.

सकाळी बर्फाच्या कारखान्यात दोघे बोटवाले तिला हसले होते. मावशी, तुम्ही आता जमिनीवरूनच जाळं टाकता वाटतं, असं त्यांनी विचारलं होतं. ते हसणं तिने चालवून घेतलं असतं. पण त्यांच्या मागे घाऊक माल घेणारा उभा होता, तो हसला नाही. यापुढे तुमच्या टोपल्या उघडून बघाव्या लागतील, एवढंच तो म्हणाला. सव्वीस वर्षांत धक्क्यावर कोणी तिची टोपली उघडून पाहिली नव्हती. तिने सांगायचं आणि त्यांनी उचलायचं.

डॅरेल स्वतः कॉफी घेऊन आला. इथल्या रिवाजाप्रमाणे तिला मिस न्यान म्हणाला, मुलाची चौकशी केली, गुडघ्याची केली. तिने सांगितलं की फळ्यावरचं नाव पूस. तेव्हा तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात समजावू लागला. लोक कोळंबीसाठी येत नाहीत, नावासाठी येतात. यात तिच्या बोटीची फुकट जाहिरातच होते. पंधरा दिवसांत बोट पाण्यात उतरली की तिचा सगळा माल तोच घेईल, धक्क्यावरच्या सगळ्यात चढ्या दराने. न्यानला माहीत होतं, हा शब्द तो पाळेल. यार्डातला खर्च काढायला तिला असंच गिऱ्हाईक हवं होतं.

तिने कॉफीचा पेला जवळ ओढला. डॅरेलला वाटलं, जमलं.

“आणि मिस न्यान, खरं सांगू का,” तो डोळा मिचकावत म्हणाला, “ही कोळंबी आहे तुमच्याच देशातली, व्हिएतनामची. खोक्यावर छापलंय. म्हणजे मी काही अगदीच खोटं लिहिलेलं नाही.”

न्यानने बोटांचं तेल कागदाला पुसलं. एकेक बोट पुसलं.

“तुझे आजोबा जाळं ओढायचे, डॅरेल. तुला कोळंबी ओळखता येत नाही, ते एक राहू दे. पण मलाच खायला घालून मलाच सांगतोस?” तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. “नाव पूस. आणि माझी कोळंबी तुला मिळायची नाही. पंधरा दिवसांनी नाही, पुढेही नाही.”

डॅरेलने आजूबाजूला पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब बोटं चाटत होतं. तो उठला, खांदे उडवले, ओला फडका घेऊन दाराकडे गेला. रांगेतल्या माणसांनी त्याला अदबीने वाट करून दिली. त्याने नाव पुसलं, खडू हातात घेऊन क्षणभर विचार केला आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिलं : ‘स्वेता आना’.

न्यान तोवर दाराशी आली होती. ती थांबली.

‘स्वेता आना’, म्हणजे संत आना, ही डॅरेलच्या आजोबांची बोट. एकोणसत्तर सालच्या वादळात ती फुटली. न्यान या गावात नवी आली तेव्हा ओहोटीला चिखलातून तिच्या फासळ्या वर दिसायच्या आणि प्रत्येक फासळीवर एकेक पेलिकन बसलेला असायचा. नंतर कॅसिनोच्या गाड्या लावायला तिथे भराव घातला, तेव्हा त्या फासळ्याही गेल्या.

रांगेत उन्हाने लाल झालेला एक माणूस होता. त्याने फळ्याचा फोटो घेतला आणि ही बोट कधी आली म्हणून विचारलं.

“आज पहाटे,” डॅरेल हात पुसत म्हणाला. “धुकं होतं, म्हणून जरा उशीर झाला.”